टहाळ काढणं म्हणजे झाड तोडणं नव्हे



भात झोडून झालं की राबाची टहाळ काढायचे दिवस येतात. त्याच दिवसांत कोयते जप्त व्हायलाही सुरुवात होते. ऐनावरून माणूस खाली उतरतो तर बुंध्याशी गार्ड उभा. कोयता जातो, कधी केस होते. का, म्हणून विचारलं तर उत्तर एकच, "तुम्ही जंगल तोडता." हे इतकी वर्षं ऐकतोय की आपली शाळेत शिकलेली पोरंही आता तसंच बोलायला लागली आहेत. म्हणून या अंकात आमचं म्हणणं मांडतो. टहाळ काढणं म्हणजे जंगल तोडणं नाही, हे आपण नुसतं तोंडाने म्हणून भागणार नाही. ग्रामसभेने ते नियम करून कागदावर लिहिलं पाहिजे.

आधी झाडाकडेच बघा. गावाजवळचे आणि वरकस जमिनीतले जुने ऐन बघा. खोडावर गाठी, गाठीगाठीतून फुटलेल्या फांद्या. आपल्या आज्या-पणज्यांनी त्यांच्यावर चढून टहाळ काढली, बापाने काढली, आपण काढतो. झाड उभंच आहे. आणि ज्या कुपातली झाडं बुंध्यापासून कापून ट्रकांतून गेली, तिथे आज काय उभं आहे ते ज्याने त्याने आपल्या शिवारात जाऊन पाहावं. ज्याला पुढच्या सालीही त्याच झाडाची टहाळ हवी असते, तो झाड मारत नाही. मारलं तर त्याचाच राब बुडतो.

ही भांडणाची गोष्ट आजची नाही. इंग्रजांनी ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत जंगल राखीव करायला घेतलं, तेव्हा लोकांनी इतकी ओरड केली की 1885 साली सरकारला मुंबई इलाख्याचं फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्याचा अहवाल 1887 साली आला. त्यातला एक मोठा वाद राबाचाच होता. टहाळ, गवत, पातेरा, शेण असं थरावर थर रचून, वर बारीक माती टाकून भाजलं की तणाचं बी मरतं, माती भुसभुशीत होते, रोप जोमाने येतं. हे शेतकऱ्याला ठाऊक होतं. साहेबाला मात्र त्यात फक्त लाकडाचं नुकसान दिसत होतं.

मग 1927 चा भारतीय वन कायदा आला. त्याच्या कलम 26 मध्ये राखीव जंगलातले गुन्हे दिले आहेत. झाड तोडणं, खोडाची साल गोल काढून झाड मारणं, फांद्या छाटणं, जाळणं, सगळं एकाच ओळीत! झाड मारणारा आणि फांदी छाटणारा कायद्याने एकाच रांगेत उभे केले. गार्डाच्या तोंडातलं वाक्य याच ओळीतून आलेलं आहे.

पण सरकारचंच दुसरं तोंड बघा. रांचीजवळ नामकुमला लाखेची सरकारी संशोधन संस्था आहे. पळस, बोर, कुसुम या झाडांची छाटणी कशी करायची, हे ती संस्था लाख घेणाऱ्यांना शिकवते. छाटल्यावर कुसुमाला लाखेचं बी लावण्याआधी सुमारे 18 महिने विसावा द्यायचा, पळसाला आणि बोराला सुमारे 6 महिने. म्हणजे छाटा, विसावा द्या, पुन्हा घ्या. आपणही तेच करतो. तिकडे ते शास्त्र, इकडे गुन्हा. शहरातही पावसाळ्याच्या तोंडावर रस्त्याकडेच्या मोठ्या झाडांच्या फांद्या छाटतात. ठेकेदाराच्या गाडीतून आपलीही पोरं त्या कामाला जातात. तोच कोयता, तेच पाय. तिथे मजुरी मिळते, इथे केस.

आता कायदा बदलला आहे. 2006 च्या वनहक्क कायद्यात कलम 3(1)(ख) मध्ये निस्तार हक्क आहेत. त्याला नाव काहीही असो, आणि तो संस्थानातला जुना हक्क असला तरी धरायचा, असं तिथे म्हटलं आहे. जव्हार संस्थानातल्या गावांनी हे नीट लक्षात ठेवावं. कलम 3(1)(झ) मध्ये सामूहिक वनाचं रक्षण आणि व्यवस्थापन करायचा हक्क आहे. कलम 4 ची सुरुवातच अशी आहे की दुसऱ्या कोणत्याही कायद्यात काहीही असलं, तरी हे हक्क मान्य आहेत. आणि 2012 च्या सुधारित नियमांप्रमाणे जंगलाचा व्यवस्थापन आराखडा ग्रामसभेची समिती करते, समितीवर देखरेख ग्रामसभेची. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सामूहिक हक्क मिळाला, तो असाच ग्रामसभेच्या जोरावर.

पण आराखड्यात राबाबद्दल काहीच लिहिलं नसेल, तर ती जागा दुसरं कोणी भरेल. म्हणून आमचं सुचवणं असं. प्रत्येक ग्रामसभेने यावर बोलावं, आपल्या जंगलाप्रमाणे बदलावं आणि ठराव करावा.

1. शेंड्याला कोयता लावायचा नाही. शेंडा राहिला तर झाड वर जातं.

2. एका झाडाची टहाळ लागोपाठ दोन वर्षं काढायची नाही. कोणत्या सालात कोणता भाग, ते ठरवून लिहायचं.

3. मनगटापेक्षा जाड फांदी तोडायची नाही. फांदी तोडताना आधी खालून एक घाव, मग वरून, म्हणजे साल खोडापर्यंत सोलत जात नाही.

4. प्रत्येक भागात बियाण्यासाठी काही झाडं तशीच राखायची. मोह, हिरडा, आंबा यांना राबासाठी हात लावायचा नाही.

5. चढताना कोयता कमरेच्या आकडीत, हातात नाही. दव वाळल्याशिवाय चढायचं नाही. आधी वाळकी फांदी आणि मधमाश्या बघायच्या. फांदी पडते त्या जागी पोरांना येऊ द्यायचं नाही.

6. ज्या घरात चढणारं कोणी नाही, एकटी बाई आहे, म्हातारी माणसं आहेत, त्यांची टहाळ सावडीने काढून द्यायची.

7. टहाळ विकायची नाही. ठेकेदाराला तर मुळीच नाही.

कोणी म्हणेल, आता राबाशिवायही रोप होतं. गादीवाफा आहे, गिरीपुष्पाचा पाला आहे. ज्याला जमतं त्याने जरूर करावं, जंगलावरचा भार हलकाच होईल. पण ते आपण ठरवायचं. कोयता हिसकावून कोणी शेती शिकवू नये. आणखी कोणी म्हणेल, टहाळ काढलेल्या झाडाचं सरळ लाकूड मिळत नाही. खरं आहे. पण ते झाड लाकडाच्या वखारीसाठी राखलेलं नाही. ते आमच्या भाताच्या आणि नागलीच्या रोपासाठी राखलेलं आहे.

पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. झाडावर चढणाऱ्या म्हाताऱ्यांना पुढे बसवा, टहाळ वाहणाऱ्या बायांना बोलू द्या, आणि लिहायचं काम शिकलेल्या पोरांना द्या. ठरावाची एक प्रत संघटनेकडे पाठवा, एक समितीच्या दप्तरात ठेवा. गार्ड आला की ती त्याच्या हातात द्या आणि सांगा, नियम आहे, आमचा आहे, आम्ही तो पाळतो. तुम्हीही पाळा.

जिंदाबाद!