‘लिमिटेड एडिशन’ नाण्यांचा संच घेतला की पैसे वाढतात? मोशीशेजारी सापडलेल्या २१६ मोहरा काय सांगतात

मार्च २०२१ मधली गोष्ट. मोशीला लागून असलेल्या चिखलीत एका बांधकामाच्या खोदकामात सोन्याची नाणी सापडली होती. ज्यांना सापडली त्यांनी ती सरकारला न कळवता घरात ठेवली. पिंपरी-चिंचवड पोलिसांना कुणकुण लागली आणि २१६ नाणी जप्त झाली. सोबत कांस्याच्या भांड्याचा एक तुकडाही होता. एकूण वजन २ हजार ३५७ ग्रॅम. नाणी १७२० ते १७५० या काळातली, म्हणजे मुघल बादशहा मुहम्मद शाहच्या वेळची. पोलिसांनी सांगितलेली किंमत होती सुमारे १ कोटी ३० लाख रुपये.

बातमी व्हायरल झाली. ‘खजिना सापडला’ म्हणून भोसरी-मोशी-चाकण पट्ट्यातल्या प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरली. पण त्या आकड्यांत एक हिशेब दडलेला होता, त्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

१ कोटी ३० लाखांना २१६ ने भागलं तर एका नाण्याला साधारण ६० हजार रुपये येतात. एका नाण्याचं वजन जवळपास ११ ग्रॅम. तेव्हा सोन्याचा भाव दहा ग्रॅमला ४५ हजारांच्या आसपास होता. म्हणजे नुसत्या सोन्याचेच ४९ हजार होतात. पावणेतीनशे-तीनशे वर्षांचं वय, मुघल बादशहाचं नाव, फारसी अक्षरं, या सगळ्याची वेगळी किंमत धरली गेली ती नाण्यामागे ११ हजारांच्या आसपास.

मग गेल्या वर्षी निघालेला, चकचकीत पेटीतला ‘लिमिटेड एडिशन’ संच पाच वर्षांत दुप्पट होईल, असं सांगणाऱ्या रील्सचं काय करायचं?

हा विषय आत्ताच का?

दोन कारणं आहेत. पहिलं, केंद्र सरकार आता वरचेवर स्मरणार्थ नाणी काढतंय. नव्या संसद भवनाच्या उद्घाटनाला मे २०२३ मध्ये ७५ रुपयांचं नाणं आलं. रिझर्व्ह बँकेला ९० वर्षं झाली म्हणून एप्रिल २०२४ मध्ये ९० रुपयांचं आलं. अहिल्यादेवी होळकरांच्या त्रिशताब्दीनिमित्त मे २०२५ मध्ये ३०० रुपयांचं आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या शताब्दीनिमित्त ऑक्टोबर २०२५ मध्ये १०० रुपयांचं नाणं आलं. प्रत्येक वेळी ‘हे नाणं कुठे मिळेल?’ हा सर्च वाढतो.

दुसरं कारण चांदी. २०२५ मध्ये चांदीने किलोला दीड लाखाचा टप्पा ओलांडला. ज्यांच्याकडे आधीपासून चांदीची स्मारक नाणी होती त्यांना ‘आपलं नाणं वाढलं’ असं वाटू लागलं. ते पाहून नवे लोक आले.

हे संच बनतात कुठे, मिळतात कसे?

भारतात सरकारी टांकसाळी चार: मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. मुंबईची टांकसाळ फोर्टमध्ये, रिझर्व्ह बँकेजवळ. नाण्यावर सालाखाली छोटा हिरा दिसला तर ते मुंबईचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं. काहीच खूण नसेल तर कोलकात्याचं.

संग्राहकांसाठीची नाणी मुख्यतः दोन प्रकारांत येतात. ‘प्रूफ’ म्हणजे खास पॉलिश केलेल्या ठशांनी पाडलेलं, आरशासारखं चमकणारं नाणं. ‘यूएनसी’ म्हणजे बाजारात न फिरलेलं, कोरं नाणं. टांकसाळ ठरावीक मुदतीत बुकिंग घेते, आगाऊ पैसे घेते आणि काही महिन्यांनी पेटी घरी येते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. बुकिंगची मुदत मर्यादित असणं आणि नाण्यांची संख्या मर्यादित असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुदतीत जितक्या लोकांनी मागणी केली तितके संच बनणार असतील, तर ज्याला हवा होता त्या प्रत्येकाला तो मिळालेला असतो. मग पुढे तो जास्त पैसे देऊन विकत घ्यायला उरतं कोण?

नाणं वाढलं की चांदी वाढली?

७५ रुपयांच्या संसद भवन नाण्याचा हिशेब करून पाहू. वजन ३५ ग्रॅम. धातूत निम्मी चांदी, ४० टक्के तांबं आणि ५-५ टक्के निकेल व जस्त. म्हणजे चांदी साडेसतरा ग्रॅम.

- मे २०२३ मध्ये चांदी किलोला सत्तर-पंचाहत्तर हजारांच्या घरात होती. तेव्हा नाण्यातल्या चांदीचे होत होते साधारण सव्वाबाराशे ते तेराशे रुपये.
- दीड लाखाच्या भावाने त्याच चांदीचे होतात सुमारे २,६२५ रुपये.

दुप्पट झाली ती चांदी. नाणं आहे तिथेच आहे. त्याच दिवशी सराफाकडून साडेसतरा ग्रॅम चांदीचं वळं घेतलं असतं, तरी धातूची वाढ तेवढीच मिळाली असती. उलट टांकसाळीची विक्री किंमत धातूच्या किमतीपेक्षा बरीच जास्त असते, कारण तिच्यात पॉलिश, पेटी आणि कर हे सगळं येतं. आधी तेवढी वाढ भरून निघायला हवी, फायद्याची गोष्ट त्यानंतर.

मूल्य दुर्मीळतेमुळे वाढलं का, हे तपासायची सोपी रीत आहे. नाण्याच्या आजच्या भावातून धातूची किंमत वजा करा. जे उरतं ती दुर्मीळपणाची किंमत. बऱ्याच नव्या संचांत ही बाकी खरेदीच्या दिवशी होती त्याहून कमीच निघते.

मग खरी दुर्मीळता कशाला म्हणायचं?

महाराष्ट्राच्या इतिहासातली दोन नाणी शेजारी ठेवली की हे लगेच कळतं.

शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये, दोन नाणी सुरू केली. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई. शिवराई पुढे पेशवाईत आणि नंतरही प्रचंड प्रमाणात पाडली गेली. झिजलेली, साधी दुदांडी शिवराई आजही काहीशे रुपयांत मिळते. ती दोनशे वर्षांहून जुनी आहे, महाराजांच्या नावाची आहे आणि तिच्यावर जीव टाकणारे लाखो लोक आहेत. तरीही ती स्वस्त, कारण ती भरपूर शिल्लक आहे.

होनात सोनं जेमतेम पावणेतीन ग्रॅमच्या आसपास. पण अस्सल होन अगदी थोडे शिल्लक आहेत. त्यामुळे तो लिलावात आला की बोली लाखांत जाते. आणि म्हणूनच बनावट होनांचा बाजारात सुळसुळाट आहे.

दुसरं उदाहरण मुंबईच्या टांकसाळीचं. जॉर्ज सहावा या राजाचा १९३९ सालचा चांदीचा रुपया. तो संग्राहकांसाठी काढला नव्हता, पेटी नव्हती, प्रमाणपत्र नव्हतं. पण दुसरं महायुद्ध सुरू झालं, चांदीची चणचण भासू लागली आणि १९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली. जुने जास्त चांदीचे रुपये परत घेऊन वितळवले गेले. १९३९ चे फारच थोडे वाचले. आज या रुपयाला इतकी मागणी आहे की १९३८ च्या रुपयावरचा ‘८’ खोडून ‘९’ करणारेही आहेत.

या दोन्ही उदाहरणांत एक साम्य आहे. हे नाणं पुढे दुर्मीळ होईल, हे त्या वेळी कुणालाच माहीत नव्हतं. लोकांनी ते खर्च केलं, हरवलं, आटवलं. आजचा संच मात्र घेणारा प्रत्येकजण पहिल्या दिवसापासून कपाटात जपून ठेवतो. पन्नास वर्षांनीही तो जवळपास तितकाच शिल्लक असेल. जपलेली वस्तू सहसा दुर्मीळ होत नाही.

टंचाई मोडूही शकते

संख्या कमी आहे म्हणजे ती कायम कमीच राहील असंही नाही. ब्रिटिशकालीन नाण्यांचे जुने ठसे वापरून मुंबई आणि कलकत्ता टांकसाळींनी संग्राहकांसाठी १९७० पर्यंत पुन्हा नाणी पाडून दिली. त्यांना ‘रिस्ट्राइक’ म्हणतात. साल जुनं, ठसा जुना, नाणं नवं. एखादा जुना प्रूफ रुपया समोर आला की जाणकार आधी विचारतात, मूळ की रिस्ट्राइक? भावात मोठा फरक पडतो तो इथे.

परदेशात काय अनुभव आहे?

अमेरिकेत १९७० च्या दशकात ‘फ्रँकलिन मिंट’ या खासगी कंपनीने ‘लिमिटेड एडिशन’ पदकांचे आणि नाण्यांचे संच घरोघरी पोहोचवले. यातले बरेच संच ‘मर्यादित’ होते ते मुदतीपुरते. जितक्या ऑर्डर, तितके संच. लोक पुढे विकायला गेले तेव्हा अनेकांना फक्त चांदीचा भाव मिळाला. १९७८ मध्ये ‘सिक्स्टी मिनिट्स’ या टीव्ही कार्यक्रमाने हा प्रकार चव्हाट्यावर आणला.

उलटं उदाहरणही अमेरिकेचंच. १९९५ मध्ये तिथल्या सरकारी टांकसाळीने ‘सिल्व्हर ईगल’ या नाण्याची एक खास आवृत्ती काढली. ती सुटी मिळत नव्हती. सोबतची चार सोन्याची नाणी घेतली तरच मिळायची आणि संच होता ९९९ डॉलरचा. चांदीची नाणी जमवणाऱ्या अनेकांनी महाग म्हणून तो सोडला. नाणी बनली फक्त ३०,१२५. आता दरवर्षीचं सिल्व्हर ईगल जमवणाऱ्या प्रत्येकाला नेमकं तेच कमी पडतं. त्या एका चांदीच्या नाण्याला आज हजारो डॉलर मोजावे लागतात.

म्हणजे संच वाढला तो पेटीवर ‘लिमिटेड’ लिहिलं म्हणून नाही. तो निघाला तेव्हा घेणारे कमी होते आणि नंतर हवा असणारे जास्त झाले, म्हणून.

‘हे नाणं द्या, दहा लाख घ्या’ या जाहिरातींचं काय?

दुर्मीळतेच्या गैरसमजावर चालणारा हा दुसरा धंदा. वैष्णोदेवीचं चित्र असलेलं ५ किंवा १० रुपयांचं नाणं लाखोंना जातं, असे व्हिडिओ वर्षानुवर्षं फिरतायत. प्रत्यक्षात ती नाणी चलनासाठी मोठ्या प्रमाणात पाडलेली आहेत. छत्रपती शिवाजी महाराजांचं १९९९ चं २ रुपयांचं, लोकमान्य टिळकांचं २००७ चं ५ रुपयांचं, डॉ. आंबेडकरांचं २०१५ चं १० रुपयांचं, ही चलनातली नाणीही त्याच पंक्तीतली. जपून ठेवावीत अशी नक्कीच आहेत, पण त्यावर घराचा हप्ता फिटणार नाही.

फसवणूक होते ती पुढच्या पायरीवर. फोटो पाठवला की ‘तुमचं नाणं पास झालं’ असा मेसेज येतो. मग नोंदणी फी, जीएसटी, रिझर्व्ह बँकेचं कमिशन अशा नावांनी पैसे मागितले जातात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारांशी बँकेचा संबंध नाही, ती कोणतंही शुल्क किंवा कमिशन मागत नाही आणि तसा अधिकारही तिने कुणाला दिलेला नाही. साधा नियम लक्षात ठेवा: खरा खरेदीदार पैसे देतो, मागत नाही. पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा.

आणि जमिनीत नाणी सापडली तर?

मोशी, चिखली, चऱ्होली भागात आज जागोजागी पाया खणला जातोय. हा प्रश्न इथे उगाच नाही.

१८७८ चा निखात निधी कायदा आजही लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. लपवलं तर शिक्षा होऊ शकते आणि सापडणाऱ्याचा हक्कही जातो. कळवलं आणि ठेव्याला मालक नाही असं ठरलं, तर त्यात सापडणाऱ्याचा वाटा असतो. सरकारला तो ठेवा स्वतःकडे घ्यायचा असेल तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा भाग द्यावा लागतो. शिवाय शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात आणि देशाबाहेर नेता येत नाहीत.

घ्यायचा की नाही?

आवड असेल तर जरूर घ्या. अहिल्यादेवींचं नाणं घरात असावं, मुलांना दाखवावं, ही इच्छा पुरेशी आहे. तिला नफ्याच्या कारणाची गरज नाही. पण बोनसचे पैसे ‘गुंतवणूक’ म्हणून संचात घालणार असाल, तर आधी चार प्रश्न विचारा.

१. यात धातू किती आणि आजच्या भावाने त्याचे किती होतात?
२. एकूण किती संच बनले? आकडा जाहीर आहे का, की फक्त मुदत जाहीर आहे?
३. विकायला गेलो तर घेणार कोण? विकणाऱ्याचा छापील भाव नको, एखादा व्यापारी आज रोख किती देईल ते विचारा.
४. नाणं पेटीतून काढलं, पुसलं, चकचकीत केलं तर? भाव पडतो. नाणं कधीच घासू नये.

चिखलीच्या मोहरा तीनशे वर्षं मातीत होत्या. त्या वेळी लावलेल्या किमतीचा मोठा भाग शेवटी सोन्याचाच होता. पेटीतल्या नव्या संचाला हाच हिशेब लावला, तर विकणाऱ्याच्या शब्दावर अवलंबून राहावं लागणार नाही.