छप्पर जुनं, वादळ नवं : कोकणातल्या घरांचा विमा कुठे अडतो?

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १०० ते ११० किलोमीटर होता. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या पट्ट्यात घरंच्या घरं उघडी पडली. कौलं फुटली, पत्रे उडून बागेत जाऊन पडले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते कोकण किनाऱ्याला झोडपत गुजरातकडे गेलं. अरबी समुद्रातली वादळं वाढत चालली आहेत, हे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०२१ मध्ये आकडेवारीनिशी दाखवून दिलं. म्हणजे हा एखाद्या वर्षाचा अपघात राहिलेला नाही.

या पट्ट्यातल्या आपल्या वस्त्यांमधली कित्येक घरं आखाती देशांत नोकरी केलेल्या पिढीने उभी केली आहेत. भिंती चिऱ्याच्या, दणकट. पण वरचं छप्पर आता तीस-चाळीस वर्षांचं झालंय. वाशांना वाळवी, रिपा कुजलेल्या, पत्र्यांचे हुक गंजलेले. अशा घराचा विमा असला आणि वादळात छप्पर गेलं, तर पैसे मिळतात का? विमा घ्यावा की नाही हा दीनी प्रश्न ज्यांच्या मनात आहे, त्यांनी तो आपल्या आलिमांना विचारावा. इथे बोलायचंय ते व्यवहाराबद्दल, कारण गृहकर्जामुळे किंवा स्वतःहून पॉलिसी घेतलेली कुटुंबं आता बरीच आहेत, आणि त्यातल्या अनेकांनी ती पॉलिसी वाचलेली नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. वादळ विम्यात येतंच. १ एप्रिल २०२१ पासून देशात 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी सुरू आहे आणि घराचा विमा विकणाऱ्या सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ती द्यावी लागते. आगीबरोबर वादळ, चक्रीवादळ, पूर यांचं नुकसान तिच्यात धरलेलं आहे. घराचा विमा काढला की घरातल्या सामानाचाही विमा आपोआप मिळतो, इमारतीच्या रकमेच्या २० टक्के आणि जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत. त्यामुळे 'वादळ कव्हर होतं का?' हा प्रश्न सोपा आहे. खरा वाद पुढे सुरू होतो : जे तुटलं ते वाऱ्याने तुटलं, की वयाने?

विमा अचानक घडलेल्या घटनेचा असतो, झिजेचा नाही. कौलांच्या फटीतून दर पावसाळ्यात गळणारं पाणी, ओल धरून फुगलेलं प्लॅस्टर, कुजलेला वासा हे देखभालीचे खर्च आहेत आणि ते मालकानेच करायचे असतात. वादळानंतर कंपनीचा सर्वेक्षक येतो, तेव्हा तो नेमकं हेच पाहतो. मोडलेल्या वाशाचा तुकडा ताजा आहे की आतून काळा पडलेला? हुक तुटलाय की गंजून आधीच सुटलेला? शेजाऱ्यांची छपरं शाबूत असताना फक्त याचंच का गेलं? जुन्या छपराच्या बाबतीत या प्रश्नांची उत्तरं मालकाच्या विरोधात जायला वेळ लागत नाही.

पण एवढ्यावरून हात टेकायचं कारण नाही. छप्पर जुनं होतं म्हणून वारा निर्दोष ठरत नाही. आदल्या रात्रीपर्यंत ज्या छपराखाली कुटुंब झोपत होतं ते शंभरच्या वाऱ्यात उडालं, तर नुकसानीचं जवळचं कारण वादळच. एखादं अपवादाचं कलम लागू होतं असं कंपनी म्हणत असेल, तर ते सिद्ध करायची जबाबदारी कंपनीची, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. सर्वेक्षकाचा अहवाल महत्त्वाचा असला तरी तो शेवटचा शब्द नाही, हेही त्याच न्यायालयाचं म्हणणं. आपल्याकडे मात्र 'साहेबांनी लिहून नेलंय' म्हटलं की माणूस गप्प बसतो.

दावा मंजूर झाला तरी दुसरी कात्री असते, घसाऱ्याची. काही पॉलिसींत नवं बांधायचा खर्च मिळतो, काहींत वस्तूची आजची किंमत. समजा छप्पर पुन्हा घालायला तीन लाख लागतात आणि कंपनीने तीस वर्षांचं वय धरून निम्मा घसारा लावला, तर हातात दीड लाखच येणार. उरलेले दीड लाख कुठून आणायचे, हा प्रश्न भर पावसात उभा राहतो. निसर्गनंतर पत्र्यांचे भाव कसे चढले होते ते रायगडवाल्यांना सांगायला नको. म्हणून पॉलिसी घेतानाच एजंटला थेट विचारावं : छपराची भरपाई नव्याच्या दराने, की घसारा वजा करून? उत्तर तोंडी नको, पॉलिसीच्या कागदावर कुठे लिहिलंय ते दाखवा म्हणावं.

अमेरिकेत फ्लोरिडाला दरवर्षी चक्रीवादळांचा धोका असतो, आणि तिथे छपराचं वय हा राजकारणाचा विषय झाला. कंपन्या जुन्या छपरांची घरं नाकारू लागल्यावर २०२२ मध्ये कायदा आला. छप्पर १५ वर्षांपेक्षा नवं असेल, तर केवळ वयाच्या कारणावरून विमा नाकारता येणार नाही. त्याहून जुनं असेल तर मालकाला तपासणी करून घ्यायची संधी द्यायची, आणि त्याचं आयुष्य किमान पाच वर्षं उरलंय असा अहवाल आला तर वयावरून नकार नाही. आपल्या प्रमाणित पॉलिसीत छपराच्या वयाची अशी कुठलीही रेषा आखलेली नाही. ग्राहकाला हे वरवर बरं वाटतं. पण रेषा नसल्यामुळे सगळं सर्वेक्षकाच्या नजरेवर सोडलं जातं. तपासणीचा हक्क देणारा तो दुसरा भाग इथेही यायला हवा, असं मला वाटतं.

तोवर पुरावा आपणच जमवायचा. कोकणात मे महिन्यात छपराची शाकारणी होते. कौलं उतरवून पुन्हा लावतात, फुटकी बदलतात, वासे बघतात. हा खर्च रोखीत होतो आणि कागद शिल्लक राहत नाही. सुताराकडून साध्या कागदावर तारीख-सहीची पावती घ्या, कौलं-पत्र्यांची दुकानातली बिलं ठेवा, काम झाल्यावर छपराचे आतून-बाहेरून फोटो काढून ठेवा. वादळाआधी छप्पर धड होतं, हे याशिवाय दाखवणार कसं?

बंद घराचं दुखणं वेगळंच आहे. मुलं मुंबईत नाहीतर कतार-कुवेतला, घराला कुलूप, उन्हाळ्याच्या सुट्टीत तेवढं उघडतं. जुन्या प्रमाणित अग्निविमा पॉलिसीत घर सलग ३० दिवसांहून जास्त रिकामं राहिलं आणि कंपनीची संमती घेतलेली नसली, तर संरक्षण थांबायचं. आपल्या पॉलिसीत काय अट आहे ते तपासा आणि घर बंद राहणार असेल तर कंपनीला लेखी कळवा. गच्चीवर नंतर टाकलेली पत्र्याची शेडही प्रस्तावात नोंदवलेली हवी. आणि घरपट्टी अजून मरहूम दादांच्या नावावर, विमा एका नातवाच्या नावावर, असं असेल तर दाव्याच्या वेळी पहिला प्रश्न हाच येतो. वारसनोंद रखडली की विमाही रखडतो.

गृहकर्जाबरोबर घेतलेली पॉलिसी घराचीच आहे का, तेही बघा. कित्येकदा ती कर्जदाराच्या आयुष्याचा विमा असते. कर्जदार गेला तर कर्ज फिटेल, छप्पर गेलं तर काही नाही.

'सरकार देईलच' हा भरवसा किती ठेवायचा? आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ च्या केंद्रीय निकषांत सपाट प्रदेशातलं पूर्ण पडलेलं घर १ लाख २० हजार रुपयांचं, आणि किमान १५ टक्के नुकसान झालेलं पक्कं घर साडेसहा हजारांचं. राज्य सरकार कधी वाढीव मदत देतं, निसर्गच्या वेळी दिलीही होती. पण छप्पर उडालेलं, भिंती उभ्या असलेलं घर बहुतेकदा अंशतः नुकसानीतच मोडतं. साडेसहा हजारांत किती पत्रे येतात, त्याचा हिशोब प्रत्येकाने करावा.

नुकसान झालंच तर ताडपत्री टाकण्याआधी फोटो काढा, मोडके वासे आणि पत्रे सर्वेक्षक येईपर्यंत भंगारात देऊ नका, कंपनीला त्याच दिवशी कळवा आणि तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत मागून घ्या. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार केवळ कागद अपुरे म्हणून दावा फेटाळता येत नाही. कंपनीने नकार दिला किंवा लेखी तक्रारीला महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. मुंबई आणि पुणे दोन्हीकडे त्याचं कार्यालय आहे, ५० लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, फी नाही आणि वकीलही लागत नाही. मुदत एक वर्षाची.