गेला तो मदरबोर्ड, डिस्क नव्हे

सोलापुरात मदरबोर्ड जळणं ही काही बातमी नाही. एप्रिल-मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, व्होल्टेजचा लपंडाव, कारखान्याच्या ऑफिसात पंख्याला चिकटलेले कापसाचे तंतू. बोर्डाने तरी किती तग धरायचा? त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती पुढच्या वाक्याबद्दल. सीपीयू काखेत मारून दुकानात गेलात, की काउंटरवरचा मुलगा स्क्रू काढायच्या आधीच निकाल देतो : "बोर्ड गेलाय काका, फॉरमॅट मारायला लागतंय."

का लागतंय? एकदा विचारून बघा. "तसंच असतंय वो," यापलीकडे उत्तर येत नाही.

ज्या गावात जकार्डवर चादरी आणि टॉवेल विणले जातात, त्या गावात तरी हे खपायला नको होतं. लूमची मोटर जळाली म्हणून कोणी नक्षीच्या पंचकार्डांची माळ चुलीत घालत नाही. मोटर बदलतात, माळ चढवतात, माग सुरू. पण तीच नक्षी कॉम्प्युटरच्या डिस्कवर गेली, की आपण मान डोलावून "बरं, मारा फॉरमॅट" म्हणतो.

या अडाणीपणाला एके काळी आधार होता, हे मान्य. विंडोज एक्सपीच्या जमान्यात एका चिपसेटचा बोर्ड काढून दुसऱ्याचा बसवला, की निळा पडदा यायचा आणि त्यावर ७बी हा आकडा. डिस्क ज्या कंट्रोलरला जोडलेली असते त्याचा ड्रायव्हर विंडोजला सापडायचा नाही, म्हणून ते सुरूच व्हायचं नाही. विंडोज ७ चंही नव्या बोर्डावर हसं होतं. त्यात यूएसबी ३ चा ड्रायव्हरच नाही, त्यामुळे विंडोज कसंबसं उठलं तरी कीबोर्ड-माउस मेलेले. तिथे दुकानदार नवं विंडोज टाका म्हणाला तर तो बरोबर आहे. पण विंडोज १० येऊन दहा वर्षं उलटली! ते आणि ११, दोन्ही नवा बोर्ड दिसला की आपलं आपण ओळखून घेतात. बहुतेक वेळा इंटेलवरून एएमडीवर गेलात तरीही.

गेल्या उन्हाळ्यात माझं डिझाइनचं मशीन बसलं. सात रस्त्याजवळच्या एका दुकानात नेलं. नाव सांगत नाही, कारण नाव कुठलंही टाका, गोष्ट तीच राहते. नवा बोर्ड बसला. मुलगा खिशातून पेनड्राइव्ह काढून लावायला निघाला. म्हटलं, थांब. आधी माझी डिस्क जशीच्या तशी जोड आणि चालू कर. त्याने मालकाकडे पाहिलं, मालकाने माझ्याकडे, आणि दोघांच्या तोंडावर 'गिऱ्हाईक डोक्यावर पडलंय' असा भाव. पडद्यावर ठिपक्यांचं वर्तुळ फिरलं, उपकरणं तयार होत असल्याची सूचना आली, टक्के वाढत गेले, मशीन स्वतःच बंद होऊन परत सुरू झालं. आणि माझा डेस्कटॉप समोर! तोच वॉलपेपर, तीच फोल्डरं, अर्धवट सोडलेलं टॉवेलचं डिझाइनसुद्धा. नेटवर्कचा ड्रायव्हर तेवढा नव्हता. मोबाइल केबलने जोडून त्याचं इंटरनेट घेतलं आणि तोही उतरवला. चहा गार व्हायच्या आत काम संपलं. मालक काय म्हणाले? "तुमचं नशीब चांगलं."

नशीब कसलं, डोंबलाचं! अडतं तेव्हाही बहुधा दोन-तीन ठरलेल्या जागीच अडतं. जुनी डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीची असते आणि नवा बोर्ड सुरू होण्याची फक्त यूईएफआय ही नवी पद्धत मानतो. त्यासाठी एमबीआरटूजीपीटी नावाची सोय २०१७ पासून विंडोजमध्येच आहे, माहिती न पुसता डिस्क बदलून देणारी. आधी कॉपी काढायची आणि मग ती चालवायची, एवढंच. किंवा इंटेलच्या अकराव्या पिढीपासून बायोसमध्ये व्हीएमडी नावाचं सेटिंग असतं, ते चालू राहिलं तर डिस्क दिसत नाही. बदलायला मिनिट लागत नाही. पण त्यासाठी बायोस उघडून वाचावं लागतं. फॉरमॅटला वाचावं लागत नाही. पेनड्राइव्ह लावला, नेक्स्ट-नेक्स्ट केलं, मुलगा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे मोकळा. पुन्हा 'विंडोज टाकलं' म्हणून बिलात वेगळी ओळ. हे तंत्रज्ञान नाही, आळशीपणाचे पैसे घेणं आहे.

आणि सगळ्यात संतापजनक थाप बिटलॉकरची. विंडोजच्या या कुलपाने डिस्क बंद असेल तर तिच्या किल्लीची राखण मशीनमधला टीपीएम हा सुरक्षेचा भाग करतो, आणि बोर्ड बदलला की टीपीएमही बदलतो. मग निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. मशीन नवीन असेल आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने सुरू केलेलं असेल, तर हे कुलूप तुम्हाला न विचारता लागलेलं असू शकतं. तेव्हा त्याची की त्याच अकाउंटमध्ये जाऊन पडलेली असते. मोबाइलवर लॉगिन करा, आकडे वाचून टाका, झालं. पण काउंटरवरून काय सांगतात? "डिस्क करप्ट झालीय, काढून टाकू." धडधाकट डिस्क करप्ट ठरवून पुसली जाते, आणि गिऱ्हाईक वर आभार मानून पैसे मोजतं.

पुसलं म्हणजे काय गेलं, हे त्या मुलाला कळत नाही. टॅलीचा डेटा गेला म्हणजे धंद्याची वर्षं गेली. (टॅलीचं लायसन्स मशीनला बांधलेलं असतं, त्यामुळे नव्या बोर्डावर ते पुन्हा चालू करावं लागतं. पण त्यासाठी सिरियल नंबर आणि नोंदवलेला ईमेल लागतो, फॉरमॅट लागत नाही.) श्रीलिपीचे जुने फॉन्ट गेले, की त्यात टाइप केलेल्या पत्रांची आणि लग्नपत्रिकांची पडद्यावर नुसती किडामुंगी उरते. "डी ड्राइव्ह ठेवलाय की," असं दुकानदार ऐटीत सांगतो. अरे, पण माणसं ठेवतात ते सगळं डेस्कटॉपवर आणि डाउनलोडमध्ये, आणि ते सी ड्राइव्हवर!

आता लायसन्सचं. ब्रँडेड मशीनच्या विंडोजची की विंडोज ८ पासून बोर्डाच्या फर्मवेअरमध्येच असते. दुकानदार तो बोर्ड भंगारात टाकतो, बाजारातला कुठलाही बोर्ड बसवतो आणि वर क्रॅक मारलेलं विंडोज चढवतो. अँटिव्हायरस मुद्दाम बंद करून. ज्याने पैसे मोजून खरं विंडोज घेतलं, तो दुकानातून चोरीचं घेऊन बाहेर पडतो आणि त्याला पत्ताही नसतो. इथे मायक्रोसॉफ्टलाही सोडायचं कारण नाही. मशीनसोबत आलेलं ओईएम लायसन्स बोर्डाशी बांधायचं, बोर्ड बिघडून उत्पादकाने तसाच दिला तर चालेल म्हणायचं आणि स्वतःहून दुसरा बसवला तर 'हे नवं मशीन' ठरवायचं, हा कुठला न्याय? बोर्डाला उन्हाळा लागला हा गिऱ्हाइकाचा गुन्हा? वेगळं विकत घेतलेलं रिटेल विंडोज मात्र तुमच्यासोबत येतं. ते मायक्रोसॉफ्ट अकाउंटला आधीच जोडून ठेवलं असेल, तर अॅक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये हार्डवेअर बदलल्याचं सांगून परत चालू करता येतं.

त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला, आणि मोजके अपवाद सोडले तर विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या खालचा प्रोसेसर अधिकृतपणे घेत नाही. दुकानदारांना आयतं कोलीत मिळालं : "नवीनच घ्या की." केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही काढलं. छान. आमच्या काउंटरपर्यंत त्यातलं काही पोचलेलं नाही.

म्हणून गिऱ्हाइकांनो, जरा ताठ राहा. मशीन सुरू आहे तोवर डिस्कची कॉपी काढा, रिकव्हरी की कागदावर उतरवा. दुकानात मशीन टाकताना पावतीवर स्वतःच्या हाताने लिहा : 'मला विचारल्याशिवाय डिस्क फॉरमॅट करू नये. जुना बोर्ड परत द्यावा.' लिहू देत नसतील तर सीपीयू उचला आणि दुसऱ्या दुकानात जा.