पंक्चर, पान्हा आणि आपली लाज

दिवाळीच्या सुट्टीत बिलोलीला गेलो, तेव्हा चाचांच्या दुकानासमोर भंगारवाल्याचा टेम्पो उभा होता. शुगरमुळे चाचांची नजर गेली, दुकान बंद पडलं, आणि घरच्यांनी जागा भाड्याने द्यायचं ठरवलं. आतले पत्र्याचे अकरा डबे किलोच्या भावाने जाणार होते. त्यातला एक डबा उचलून मीच टेम्पोकडे निघालो होतो. पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनिअर, हातात बी.ई.ची पदवी, आणि डब्यात काय आहे याचा पत्ता नाही.

माझ्या फुफूच्या मुलीला पत्ता होता. ती शाळेची दप्तरं आणि मोटारसायकलची सीट कव्हरं शिवते. ती घरातून धावत आली आणि म्हणाली, "भाईजान, ये डिब्बे उतारो. ये पुर्जे अब मिलते नहीं."

चाचांनी चाळीस वर्षं चामडं आणि रेक्झिन शिवायच्या मशिनी दुरुस्त केल्या. देगलूर, कुंडलवाडी, धर्माबादपासून सीमेपलीकडच्या बोधनपर्यंतचे चपलावाले, बॅगवाले, सीट कव्हरवाले त्यांच्याकडे यायचे. आमच्यासारख्या उर्दू-दखनी बोलणाऱ्यांपेक्षा मराठी आणि तेलुगू बोलणारी गिऱ्हाइकंच जास्त होती. मेलेल्या मशिनींमधून काढलेले हुक, बॉबिन केस, दाते, स्प्रिंगा, कॅम असं सगळं त्या डब्यांत होतं. वर्तमानपत्रात गुंडाळून, दोऱ्याने बांधून ठेवलेलं.

हा लेख चाचांचे गोडवे गाण्यासाठी लिहिलेला नाही. मी तो डबा का उचलला, याच्यावर आहे. कारण तो मी एकट्याने उचललेला नाही. आपण सगळे मिळून तो टेम्पोत चढवतो आहोत.

आधी चाचांना काय येत होतं ते सांगतो. कापड चुकीचं शिवलं तर उसवून पुन्हा शिवता येतं. चामड्याला पडलेलं भोक बुजत नाही, तिथे चुकीला माफी नाही. म्हणून चामड्याची सुईसुद्धा वेगळी असते. तिचं टोक गोल नसतं, पात्यासारखं असतं, ते चामडं कापत आत जातं. घरगुती मशिनीला १४ किंवा १६ नंबरची सुई चालते, जाड चामड्याला २१-२२ नंबरची लागते. घरगुती मशीन फक्त खालच्या दात्यांनी माल पुढे ढकलतं. चामड्याचे दोन थर ठेवले की वरचा थर पायाला चिकटतो, खालचा सरकतो आणि टाका वाकडा जातो. चामड्याच्या चांगल्या मशिनीत वरचा पायही पावलं टाकत मालाला पुढे नेतो, काही मशिनींत सुईसुद्धा सोबत सरकते.

आणि टाइमिंग. सुई अगदी खाली जाऊन परत वर निघते, तेव्हा दोऱ्याचा छोटासा फास तयार होतो. साध्या मशिनीत सुई दोन मिलीमीटरपेक्षा जराशी जास्त वर आली की त्याच क्षणी हुकचं टोक त्या फासात शिरावं लागतं. सुई आणि हुक यांच्यात केसाएवढी फट हवी. घासले तर हुकचं टोक बोथट होतं, लांब राहिले तर टाके सुटतात. गिऱ्हाईक म्हणायचं दोरा खराब आहे. चाचा आधी सुई बदलायचे, मग चाक हाताने सावकाश फिरवून बॅटरीच्या उजेडात बघत बसायचे. कारण सापडल्याशिवाय स्क्रूला हात नाही, हा त्यांचा नियम.

आमच्याकडच्या जुन्या चपलावाल्यांकडे सिंगरचं लांब हाताचं '२९-के' मशीन आहे. त्याचा पाय चहूबाजूंनी फिरतो, म्हणून चप्पल न फिरवता कुठल्याही दिशेला शिवता येतं. त्यातला 'के' म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा किलबोवी कारखाना. तो १९८० मध्ये बंद झाला. बिलोलीतली मशीन चालू आहे. वर्षानुवर्षांच्या घासणीने तिचा टाका आखूड होत जातो, कारण दोष आतल्या कॅम आणि लिव्हरमध्ये असतो. चाचा मेलेल्या मशिनीचा बरा कॅम काढून बसवायचे, नाहीतर नांदेडला जाऊन झिजलेल्या जागी धातू चढवून आणायचे आणि घरी कानशीने घासून आकार द्यायचे. लुधियानाहून नकली पुर्जे येतात, पण ते जसेच्या तसे क्वचितच बसतात. पुर्जा मिळाला की अर्धं काम झालं, बसवण्यात उरलेलं अर्धं.

आता माझं काम सांगतो. वीस वर्षांपूर्वी कुणीतरी लिहिलेला कोड चालू ठेवण्याचा मला पगार मिळतो. लिहिणारे निघून गेले, कागदपत्रं अपुरी आहेत, एका जागी हात लावला की दुसरीकडे काहीतरी तुटतं. दोष शोधायचा, बाकीचं न मोडता नीट करायचं. कंपनी याला 'मेंटेनन्स' म्हणते आणि मला इंजिनिअर म्हणते. चाचा हेच करायचे, तर लोक त्यांना 'मशीनवाला' म्हणायचे. शाळेत असताना चाचा एकदा अब्बांना म्हणाले, पोराला सुट्टीत दुकानावर बसव. अब्बा म्हणाले, "त्याला इंजिनिअर व्हायचंय." मग पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये लोखंडाचा एक तुकडा कानशीने घासून मी मार्क मिळवले आणि तो तुकडा तिथेच टाकून आलो.

ही लाज आली कुठून?

'पंक्चरवाला' हा शब्द तुम्ही इंटरनेटवर रोज वाचता. मुसलमान दिसला की ट्रोल हाच शब्द फेकतात. एप्रिल २०२५ मध्ये हरियाणातल्या हिसारच्या सभेत पंतप्रधानही म्हणाले की वक्फच्या मालमत्तांचा नीट उपयोग झाला असता तर मुस्लिम तरुणांना सायकलची पंक्चरं काढत आयुष्य घालवावं लागलं नसतं. आपण चिडलो, आणि चिडणं बरोबर होतं. पण उत्तर काय दिलं? डॉक्टरांचे, कलेक्टरांचे, शास्त्रज्ञांचे फोटो टाकले. म्हणालो, बघा, आम्ही पंक्चरवाले नाही. टोमणा मारणाऱ्याची मोजपट्टी आपण मुकाट्याने हातात घेतली. पंक्चर काढणारा कमी दर्जाचा माणूस आहे हे त्याचं म्हणणं आपण मान्य केलं, फक्त त्या यादीतून आपलं नाव कापून मागितलं. ज्याचे हात खरोखर ट्यूबवर आहेत त्या आपल्याच भावाला आपण एकटं सोडलं.

सच्चर समितीने २००६ साली सांगितलं होतं की देशात मुस्लिम मोठ्या प्रमाणात स्वयंरोजगारावर, कारागिरीवर आणि छोट्या धंद्यांवर जगतात. जो समाज हाताच्या कमाईवर जगतो, त्यालाच हातांची लाज वाटते. हे फक्त बाहेरच्या द्वेषामुळे झालेलं नाही. आपल्या आत जात आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फाळणीवरच्या ग्रंथात १९०१ च्या बंगालच्या खानेसुमारीचा दाखला देऊन मुसलमानांतल्या अश्रफ, अजलाफ, अरजल या उतरंडीबद्दल लिहिलं, तेव्हा ते आपल्याबद्दलच लिहीत होते. मशिदीत एका सफेत उभे राहतो, आणि स्थळ आलं की विचारतो, "मुलाचे वडील काय करतात?" उत्तर 'चामड्याचं काम' असेल तर चहा लवकर संपतो. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा आपण सगळ्यांनी 'आमची कोल्हापुरी' म्हणून पोस्टी टाकल्या. ती चप्पल ज्यांच्या हातची आहे त्या चर्मकार कारागिरांशी आपला रोजचा संबंध किती? २०१५ च्या मार्चमध्ये राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हा तिचा फटका खाटकालाही बसला आणि चर्मकारालाही. तेव्हा तरी आपण एका बाकावर बसायला हवं होतं.

पैगंबर (सल्ल.) आपली चप्पल स्वतः सांधत असत, असं हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितल्याचं आपण जुम्म्याच्या बयानात किती वेळा ऐकलंय. ऐकतो, सुब्हानल्लाह म्हणतो, आणि बाहेर पडून चप्पल सांधणाऱ्याला अरे-तुरे करतो.

आता आपल्या समाजसेवेकडे येतो. शिलाई मशीन वाटप! निवडणूक असो, कुणाचा वाढदिवस असो, रमजान असो. मंडप, बॅनर, बुरख्यातल्या बायकांची रांग, मशीनवर हात ठेवून फोटो. माझ्या बहिणीलाही अशीच एक मशीन मिळाली. ती काय शिवणार आहे हे कुणी विचारलं नाही. मशीन घरगुती होती, तिला शिवायची होती रेक्झिनची दप्तरं. दोन महिन्यांत टाइमिंग गेलं, मग बेल्ट, मग मशीन कोपऱ्यात. अशा कोपऱ्यातल्या मशिनी आमच्या एका गल्लीत मी चार मोजल्या. वाटणाऱ्यांच्या अहवालात त्या चारही 'स्वावलंबी महिला' असतील.

सरकारचंही तेच. सप्टेंबर २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. त्यात १८ व्यवसाय आहेत, हत्यारांसाठी १५ हजारांपर्यंतची मदत आहे. शिंपी त्यात आहे, चर्मकार आहे, हे चांगलंच आहे, आणि पात्र असाल तर अर्ज जरूर करा. पण शिंपी आणि चर्मकार या दोघांचीही मशीन जो चालू ठेवतो, त्या मिस्त्रीचं नाव १८ मध्ये नाही. मशीन देणाऱ्याचा फोटो निघतो. दुरुस्त करणाऱ्याचा कुणी काढत नाही.

मला माहीत आहे, आता कुणीतरी म्हणेल, "तू पुण्यात एसीत बसतोस आणि आम्हाला पान्हा धरायला सांगतोस? पोरांनी मिस्त्रीच राहावं हेच तर त्यांना हवंय." हा आक्षेप खरा आहे, त्याला टाळून चालणार नाही. मी शिकू नका म्हणत नाही. शिष्यवृत्ती, कॉलेज, नोकरीतला न्याय्य वाटा, यासाठी भांडलंच पाहिजे, एक पाऊलही मागे घ्यायचं नाही. बापाचा धंदा पोराच्या गळ्यात बांधणं म्हणजे जातच. पण ज्याने तो धंदा निवडला किंवा ज्याला तोच मिळाला, त्याला खाली पाहायला लावणं हीसुद्धा जातच. मी दुसरीविरुद्ध बोलतोय. आणि कबूल करतो, चाचांनी मशिनी दुरुस्त करून अब्बांना हातभार लावला म्हणून माझी फी भरली गेली. एसीत मी त्यांच्याच पैशाने बसलोय.

मग करायचं काय? मोठ्या परिषदेची गरज नाही.

मोहल्ल्याच्या बैतुलमालमधून दहा मशिनी वाटणार असाल तर आठच वाटा. उरलेल्या पैशात सुया, बॉबिन केस, बेल्ट, हुक यांचा साठा करा आणि एका मिस्त्रीला महिन्यातून दोन दिवसांची मजुरी द्या. मशीन देण्याआधी बाईला विचारा, काय शिवणार? कुठे विकणार? बिघडली तर कोण बघणार? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर मशीन देऊ नका.

तुमच्या गावात सत्तरीतला एखादा मिस्त्री असेल. मशीनचा असो, पंपाचा असो, घड्याळाचा असो. त्याच्याजवळ बसा. मोबाइलवर रेकॉर्ड करा, त्याच्याच बोलीत. प्रत्येक पुर्जा पट्टीशेजारी ठेवून फोटो काढा, माप लिहा, कुठल्या मशीनचा आणि कशाने झिजतो ते लिहा. हे काम आपलं आहे, इंजिनिअरांचं. कंपनीसाठी रात्रभर डॉक्युमेंटेशन लिहिता येतं, मग एका रविवारी चाचांसाठीही लिहिता येईल.

आणि मुलींना पान्हा द्या. मशीन बाई चालवते, दुरुस्तीला पुरुष येतो, त्याच्यासाठी घरातला पुरुष हजर लागतो, तोवर काम बंद. हे कुलूप मुलगीच उघडू शकते. पण शिकायचे महिने फुकट काढायला लावू नका, त्या दिवसांचे पैसे द्या.

माझ्या बहिणीने हे कुणाच्या परवानगीची वाट न पाहता केलं. बंद पडलेली मशीन घेऊन ती तिच्या मामूकडे गेली, आणि चाचांची नजर अधू होत गेली तशी त्यांचे डोळे बनली. गल्लीत लोक बोलले. एक सीट कव्हरवाला दुरुस्तीला आला, बाई बघून परत गेला. नांदेडला त्याला नवी मशीन घ्या म्हणून सांगितलं, तेव्हा दोन दिवसांनी तीच मशीन घेऊन पुन्हा आला. टाके सुटत होते. तिने आधी सुई बदलली, मग चाक हाताने फिरवत बसली.

टेम्पो रिकामा परत गेला. डबे आता तिच्या घरी आहेत. अकरापैकी तीन डब्यांची नोंद झाली आहे. मी कॅलिपर धरतो, ती वहीत लिहिते. एखादा पुर्जा ओळखू आला नाही की आम्ही तो चाचांच्या हातात देतो. ते अंगठ्याने चाचपतात, जरा थांबतात आणि सांगतात, कुठल्या मशीनचा आहे, किती झिजलाय, अजून किती दिवस चालेल.

आठ डबे बाकी आहेत. चाचा एकाहत्तर वर्षांचे आहेत. तुमच्या गावातल्या मिस्त्रीचं वय काय, हे आज घरी विचारा.