व्यवस्थापनाच्या शाळेत कामगाराची जागा

शिक्षणसंस्थांचे वर्धापनदिन हे आपल्याकडे बहुधा केवळ गौरवाचे प्रसंग मानले जातात. कोणते माजी विद्यार्थी कोणत्या कंपनीच्या सर्वोच्च पदावर पोहोचले, यंदा कोणाला किती वेतनाची नोकरी मिळाली, याची यादी वाचली जाते, हारतुरे होतात आणि समारंभ संपतो. मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंट स्टडीज ही संस्था 1965 साली स्थापन झाली. 2025 साली तिला साठ वर्षे पूर्ण झाली. त्याच वर्षी आणखी एका घटनेला सत्तर वर्षे झाली. 2 फेब्रुवारी 1955 रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला होता. या दोन वर्धापनांचा परस्परांशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो निकटचा आहे.

स्वतंत्र भारताने पोलाद उभारण्यासाठी मॉस्कोचे सहकार्य घेतले, परंतु व्यवस्थापनशास्त्र शिकण्यासाठी तो अमेरिकेकडे वळला. 1961 साली स्थापन झालेल्या भारतीय व्यवस्थापन संस्थांपैकी अहमदाबादच्या संस्थेला हार्वर्डचे, कलकत्त्याच्या संस्थेला मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठाचे साहाय्य लाभले. मुंबईची संस्था कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने उभी राहिली. ज्ञान कोठून आले, हा येथे आक्षेपाचा मुद्दा नाही. ज्ञानाला परके मानणे हे मार्क्सवाद्यांचे काम नव्हे. प्रश्न असा आहे की, या शास्त्रात कामगाराला कोणते स्थान दिले गेले? तेथे तो खर्चाच्या रकान्यातील एक आकडा आहे. उत्पादनाविषयी विचार करू शकणारा मनुष्य म्हणून तो तेथे क्वचितच भेटतो.

या संस्थेचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. ती सार्वजनिक विद्यापीठाची संस्था आहे, म्हणजेच जनतेची आहे. हावडा-मुंबई लोहमार्गावरील दुर्ग-भिलाईच्या वसाहतींत विदर्भातून येऊन स्थायिक झालेली मराठी कुटुंबे आहेत. बापाने भट्टीसमोर आयुष्य घालविले, आता मुलाने किंवा मुलीने नागपूर-मुंबईस जाऊन व्यवस्थापनाची पदवी घ्यावी, ही तेथील आकांक्षा रास्तच होय. परंतु पदवी घेऊन परतलेल्या त्या मुलाला आपल्या बापाच्या श्रमाविषयी काय शिकविले गेले, हे विचारण्याचा अधिकारही त्या बापाला आहे.

कारण भिलाई हीदेखील व्यवस्थापनाची एक शाळा आहे. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. करारापासून अवघ्या चार वर्षांत, धानाच्या शेतांच्या प्रदेशात, दहा लाख टन क्षमतेच्या कारखान्याची ही पायाभरणी झाली. ज्यांनी पूर्वी कारखाना पाहिलाही नव्हता, अशा छत्तीसगढी शेतकऱ्यांची मुले तेथे पोलाद ओतू लागली. ज्या रुळांवरून देशाची रेल्वे धावते, ते आजही भिलाईत तयार होतात.

याच कारखान्याला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथील खाणींचा धडा त्याहून महत्त्वाचा आहे. तेथील प्रस्थापित संघटनांनी केलेल्या बोनस-करारात कंत्राटी मजुरांच्या वाट्याला कायम कामगारांपेक्षा कमी आले. त्या असंतोषातून 1977 साली शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ उभा राहिला. हा इतिहास डाव्या चळवळीलाही आत्मपरीक्षण करावयास लावणारा आहे, आणि तो झाकून ठेवण्याने कोणाचेच हित होणार नाही. खाणींचे संपूर्ण यांत्रिकीकरण करून हजारो मजुरांना घरी बसविण्याची योजना पुढे आली, तेव्हा या मजुरांनी केवळ निषेध केला नाही. त्यांनी अर्धयांत्रिकीकरणाची पर्यायी योजना मांडली: काही टप्पे यंत्रांनी, काही टप्पे माणसांनी. 1983 साली त्यांनी स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद रुग्णालय उभारले. हे व्यवस्थापन नव्हे, तर दुसरे काय?

या शहाणपणाला उत्तर कोणते मिळाले, हेही सर्वविदित आहे. 28 सप्टेंबर 1991 रोजी नियोगी यांची भिलाईत, झोपेत असताना गोळी घालून हत्या झाली. 1 जुलै 1992 रोजी भिलाईच्या पॉवर हाउस रेल्वे स्थानकावर न्याय्य वेतनासाठी आणि कायम नोकरीसाठी धरणे धरून बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पंधराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, आधुनिक उद्योग गुंतागुंतीचा आहे, त्याचे संचालन तज्ज्ञांनीच केले पाहिजे. तज्ज्ञ हवेतच, यात वाद नाही. परंतु नळी कोठे गळते, झडप केव्हापासून नीट बसत नाही, हे सर्वांत आधी त्या पाळीवरील माणसाला कळते. 12 जून 2014 रोजी भिलाईच्या कारखान्यात विषारी वायूच्या गळतीने सहा जण मरण पावले. त्यांत दोन उपमहाव्यवस्थापक होते. वायूने हुद्दा विचारला नाही. 9 ऑक्टोबर 2018 रोजी वायुवाहिनीच्या दुरुस्तीच्या वेळी उसळलेल्या आगीत दहाहून अधिक जणांचे प्राण गेले. सुरक्षितता ही व्यवस्थापक आणि कामगार यांची समान गरज आहे, हे ज्या अभ्यासक्रमात शिकविले जात नाही, तो अभ्यासक्रम शास्त्रीय म्हणविण्यास पात्र नाही.

कामगाराच्या सहभागाची ही मागणी केवळ लाल झेंड्याची नाही, ती राज्यघटनेतही आहे. 1976 च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 43-क समाविष्ट झाला आणि उद्योगांच्या व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग साधणे हे राज्याचे कर्तव्य ठरले. ज्या आणीबाणीत कामगारांचे हक्क गोठविले गेले, त्याच काळात हे आश्वासन लिहिले गेले, हा विरोधाभास लक्षणीय आहे. 3 जानेवारी 1977 पासून ते अंमलात आले, म्हणजे 3 जानेवारी 2027 हा त्याच्या पन्नाशीचा दिवस होय. या संबंधीचे विधेयक 1990 साली संसदेत मांडले गेले, परंतु त्याचा कायदा कधीच झाला नाही. उलट 21 नोव्हेंबर 2025 रोजी अंमलात आणलेल्या श्रमसंहितांनी कामगारकपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी आवश्यक असण्याची मर्यादा शंभरावरून तीनशे कामगारांवर नेली. व्यवस्थापनाच्या पदवीधरांना ही वाढलेली मर्यादा निश्चितच शिकविली जाईल. 43-क त्यांना कोण शिकविणार?

मुंबईच्या संस्थेला ज्यांचे नाव दिले आहे, ते जमनालाल बजाज हे गांधीजींच्या विश्वस्ततेच्या कल्पनेचे अनुयायी होते. धनिक हा समाजाच्या संपत्तीचा विश्वस्त असतो, ही कल्पना कम्युनिस्टांनी कधीच मान्य केली नाही. वर्गविरोध सदिच्छेने मिटत नाही. परंतु क्षणभर ती कल्पना मान्य केली, तरी विश्वस्ताने हिशेब द्यावा लागतो, आणि हिशेब मागण्याचा अधिकार ज्यांच्यासाठी विश्वस्तनिधी असतो, त्यांनाच असतो. वर्धापनाचा महोत्सव हा हिशेब देण्याचा दिवस का असू नये?

म्हणून सार्वजनिक विद्यापीठांच्या प्रत्येक व्यवस्थापनसंस्थेकडे, तिच्या वर्धापनाच्या निमित्ताने, चार गोष्टींची मागणी केली पाहिजे. श्रमिकांच्या आणि मागासवर्गीयांच्या किती मुलामुलींना प्रवेश मिळाला व त्यांच्याकडून किती शुल्क घेतले गेले, हे जाहीर करावे. कंत्राटी श्रम, औद्योगिक सुरक्षितता आणि अनुच्छेद 43-क हे विषय अनिवार्य करावेत. प्रत्येक विद्यार्थ्याने काही काळ कारखान्याच्या किंवा खाणीच्या पाळीवर कामगारांसोबत काढावा. आणि अभ्यासक्रम ठरविणाऱ्या मंडळांत उद्योगपतींच्या बरोबरीने कामगार संघटनांचे प्रतिनिधी बसवावेत.

विद्यार्थी आणि शिक्षक संघटनांतील साथींनी या मागण्या उचलून धराव्यात. समारंभाच्या व्यासपीठावर यशस्वी माजी विद्यार्थ्यांच्या शेजारी एक खुर्ची भिलाईच्या झोतभट्टीवरील कामगारासाठी मांडली गेली, तर त्याच्याकडे सांगण्यासारखे पुष्कळ आहे. ती खुर्ची मागून घ्यावी लागेल.