निष्ठेचा दाखला

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे (आजचे धाराशिव) त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे अध्यक्ष होते. त्यांची निवड जाहीर झाल्यावर काही संघटनांनी जो विरोध केला, तो वाङ्मयीन स्वरूपाचा नव्हता. 'सुबोध बायबल'चे गद्य कसे आहे, हा प्रश्न विरोधकांपैकी कोणी विचारल्याचे आमच्या ऐकिवात नाही. वसईत जन्मलेला, मराठीत लिहिणारा हा मनुष्य धर्मगुरू आहे, तेव्हा त्याची निष्ठा नेमकी कोठे, असा तो प्रश्न होता. दिब्रिटो २०२४ साली गेले. प्रश्न गेला नाही, आणि साहित्य शिकवणाऱ्या आम्हां मंडळींनीही त्याला खतपाणी घातले आहे, असे आम्हांस वाटते. वाङ्मयेतिहासात 'ख्रिस्ती मराठी साहित्य' असे एक वेगळे प्रकरण करायचे, त्याला 'योगदान' हा शब्द जोडायचा आणि पुढे जायचे, हा आपला शिरस्ता. योगदान पाहुण्याचे असते. घरच्या माणसाच्या श्रमांना आपण योगदान म्हणत नाही.

मुळात ख्रिस्ती श्रद्धा आणि राष्ट्रनिष्ठा यांचा ताण ही आपल्याकडेच उद्भवलेली गोष्ट नाही. 'ख्रिस्तपुराण'कार फादर स्टीफन्स आपण 'परकीय असूनही मराठीवर प्रेम करणारा' म्हणून शिकवतो. परंतु ते स्वदेशातच परके ठरले होते, हे बहुधा सांगत नाही. १५७० साली पोपने राणी एलिझाबेथला धर्मबहिष्कृत केले आणि तिच्या प्रजेला राजनिष्ठेच्या बंधनातून मोकळे केले. तेव्हापासून प्रत्येक इंग्रज कॅथलिक हा संभाव्य राजद्रोही ठरला. स्टीफन्स रोमला जाऊन जेझुइट झाले आणि १५७९ मध्ये गोव्यास पोहोचले. दोनच वर्षांनी त्यांच्याच संघाच्या एडमंड कँपियनला लंडनमध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून फाशी झाली. आता पुढचा प्रसंग पाहा. १५८३ च्या अखेरीस न्यूबेरी, फिच इत्यादी इंग्रज व्यापारी गोव्याच्या तुरुंगात पडले. ज्या राणीच्या राज्यात स्टीफन्सना पाय ठेवणे धोक्याचे होते, तिचीच अकबराच्या नावे असलेली पत्रे या व्यापाऱ्यांपाशी होती. त्यांना जामिनावर सोडवण्याच्या खटपटीत स्टीफन्स होते. धर्म एकीकडे, मायदेश दुसरीकडे, आणि लेखणी तिसऱ्याच भाषेत, अशा या माणसाला आपण कोणत्या रकान्यात घालणार?

अर्थात स्टीफन्सचे नाव घेऊन गोव्यातील धर्मसत्तेचा इतिहास सौम्य करता येणार नाही. त्याच १५८३ साली कुंकळ्ळीत पाच जेझुइट मारले गेले आणि त्याचा सूड म्हणून तेथील गावकारांना असोळण्याच्या किल्ल्यात ठार करण्यात आले. पुढे १६८४ च्या फर्मानाने तर लोकभाषाच मोडून काढण्याचा घाट घातला. 'परका धर्म' या शब्दांना चिकटलेली भीती हवेतून आलेली नाही. आमचा आक्षेप ती भीती माणूस न पाहता वारसाहक्काने पुढच्यांना लावण्याला आहे.

या दृष्टीने पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार हा मराठी विद्यार्थ्याने वाचायलाच हवा असा ग्रंथ आहे. तो मुळात इंग्रजीत असल्याने आपल्या अभ्यासक्रमांच्या कुंपणाबाहेर राहिला. वस्तुतः १९७७ साली तो प्रसिद्ध केला महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानेच. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. इकडे पुण्यात गहजब झाला, तो सर्वांना ठाऊक आहे. तिकडे काय झाले, ते मात्र फारसे कोणी सांगत नाही. ज्या मठभगिनींनी त्यांना आसरा दिला, त्यांच्याशीच त्यांचा झगडा सुरू झाला. गळ्यातील क्रुसावर लॅटिन अक्षरे नकोत, लिहायचेच तर आपल्या देशातील संस्कृत लिहावे, असा त्यांचा आग्रह होता. मांसाहार त्यांनी केला नाही. त्रैक्याचा सिद्धान्त पटल्याखेरीज तो मान्य करण्याची त्यांची तयारी नव्हती. हिंदुस्थानातील बिशपांनी त्यांनी तरुण पुरुषांना शिकवण्यास हरकत घेतली, तेव्हा ही हरकत घेण्याचा अधिकार यांना कोणी दिला, असा त्यांचा रोख होता. ब्राह्मणांची सत्ता झुगारून आलेल्या या बाईने बिशपांची सत्ता निमूट स्वीकारावी, ही अपेक्षाच चमत्कारिक होती. असो.

आणि १८९७ चा प्लेग. चारच वर्षांपूर्वी शारदा सदनातील धर्मांतराच्या प्रकरणावरून 'केसरी'ने रमाबाईंवर झोड उठवली होती. प्लेगच्या बंदोबस्तात पुण्यातील स्त्रियांची जी विटंबना झाली, तिच्याविरुद्ध 'बाँबे गार्डियन' या मिशनरी वळणाच्या पत्रात स्वतःच्या नावाने लिहिले ते या ख्रिस्ती बाईंनी. मुंबईच्या गव्हर्नराने त्यांची तक्रार खोडून काढली. याच अत्याचारांविषयी विलायतेत विधाने करणाऱ्या गोखल्यांना परतल्यावर जाहीर माफी मागावी लागली, हे आपण इतिहासात शिकतो. त्या प्रकरणात रमाबाईंचेही पत्र होते, हे शिकत नाही. धर्म राज्यकर्त्यांचा, तक्रार राज्यकर्त्यांविरुद्ध. धर्म बदलला की राष्ट्र बदलते, हे सूत्र ज्यांना प्रिय आहे त्यांनी हा प्रसंग कोठे बसवायचा ते ठरवावे.

रेव्हरंड टिळकांची गोष्ट अधिक परिचित आहे. १८९५ मध्ये बाप्तिस्मा, तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आल्याची त्यांची जाणीव, देवळातल्या कीर्तनाचे चर्चमधील आगमन. तथापि १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, या घटनेकडे आपण त्यांच्या लहरी स्वभावाचा आणखी एक नमुना म्हणून पाहतो. आमच्या मते तो त्यांच्या आयुष्यातील सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय होय. परदेशी मिशनरी मायबाप आणि देशी ख्रिस्ती पोरके, हे नाते तुटल्यावाचून ख्रिस्त या देशाचा होणार नाही, हे त्यांना कळून चुकले होते. 'देवाचा दरबार' ही त्यांची कल्पना बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोहोंसाठी होती. मिशनरींना ती पचली नाही, आणि टिळक दोन वर्षांत वारले. १९२३ मध्ये सावरकरांनी पितृभू आणि पुण्यभू एकच असण्याची अट मांडली. जॉर्डनचे पाणी कृष्णेच्या काठी आणू पाहणारे टिळक तिच्यात बसले नसते. पण ते अगोदर मिशनच्या चौकटीतही बसले नव्हते, ही गोष्ट त्या अटीचे समर्थक लक्षात घेत नाहीत.

परक्याचा विचार करताना लक्ष्मीबाईंना वगळणे शक्य नाही. 'स्मृतिचित्रे'मधील खरा पल्ला बाप्तिस्म्याचा नाही, तो विटाळाची कल्पना मनातून जाण्याचा आहे, आणि बाप्तिस्म्याआधीच त्या तो ओलांडतात. अमेरिकेहून आलेल्या मडमेपेक्षा गावकुसाबाहेरचा शेजारी ज्या समाजाला अधिक परका होता, त्याने परकेपणाचा दाखला कोणाकडे मागावा, हा प्रश्न त्यांनी विचारलेला नाही. वाचणाऱ्याला तो पडतो.

या सर्वांना एका माळेत ओवण्याचा मोह मात्र टाळला पाहिजे. टिळकांनी ख्रिस्ताला अभंगात आणले. रमाबाई उलट दिशेने गेल्या. उत्तरायुष्यात केडगावी त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि बायबलच्या प्रचलित मराठीतील पुराण-वेदान्ताचा वास असलेले शब्द टाळत, साध्या बाईमाणसाला कळेल अशा मराठीत त्यांनी संपूर्ण बायबल नव्याने उतरवले. क्रुसावर संस्कृत मागणारी हीच ती स्त्री! हा अंतर्विरोध आम्हांस मिटवता आलेला नाही, आणि तो मिटवण्याची घाईही नाही. एप्रिल १९२२ मध्ये त्या वारल्या तेव्हा काम नुकतेच हातावेगळे झाले होते. ते प्रसिद्ध झाले १९२४ साली. मराठी गद्याच्या इतिहासाच्या तासाला या भाषांतराचा एक उतारा आणि टिळकांचा एक अभंग शेजारी ठेवून विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे, की या दोहोंपैकी अधिक देशी कोणते.