प्रागमधला एक दिवस आणि ओआरएसचे पाकीट

वैज्ञानिक परिषदांबद्दल सर्वसामान्यांचे मत फारसे चांगले नसते. सरकारी खर्चाने प्रवास, चार भाषणे, जेवण आणि शेवटी समूहछायाचित्र, अशीच त्यांची प्रतिमा असते. त्यातून परिषद जैवभौतिकीची असली, तर वॉर्डातल्या रुग्णाशी तिचा काय संबंध, असा प्रश्न डॉक्टरही विचारतात. त्याचे उत्तर शोधायचे तर २४ ऑगस्ट १९६० या एका दिवसाकडे पाहावे.

त्या आठवड्यात चेकोस्लोव्हाकियाची राजधानी प्राग येथे एक परिसंवाद भरला होता. पेशीपटलातून पदार्थ आत-बाहेर कसे जातात, हा त्याचा विषय. शीतयुद्धाचे दिवस असूनही पश्चिमेकडचे शास्त्रज्ञ तिथे आले होते. पेशीतील ऊर्जानिर्मितीच्या सिद्धांतासाठी १९७८ मध्ये ज्यांना नोबेल मिळाले, ते ब्रिटनचे पीटर मिशेल त्यांत होते. अमेरिकेतील सेंट लुइसचे जीवरसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट क्रेनही होते.

क्रेन यांच्यापुढचा प्रश्न दिसायला साधा होता. आतड्याच्या पोकळीत साखर कमी आणि पेशीत जास्त असली, तरी ती आत शिरते कशी? पाणी आपणहून चढ चढत नाही, तसा कोणताही पदार्थ आपणहून कमी प्रमाणाकडून जास्त प्रमाणाकडे जात नाही. क्रेन यांनी मांडलेले उत्तर असे: पेशी आपल्यातले सोडियम सतत बाहेर काढत असते. त्यामुळे बाहेरच्या सोडियमला आत येण्याची ओढ असते. ते ज्या दारातून आत येते, त्याच दारातून साखरेलाही सोबत घेऊन येते. ओढ्याच्या प्रवाहावर पाणचक्की फिरावी, तशी सोडियमच्या ओघावर साखर चढ चढते. मीठ आणि साखर आत गेली की पाणी त्यांच्यामागोमाग जाते.

परिसंवादाचा विषय कॉलरा नव्हता. पण कॉलराच्या विषामुळे आतड्यातून मीठ-पाणी भसाभसा वाहत असते, तेव्हाही हे दार शाबूत असते. म्हणजे रुग्णाला मीठ आणि साखर योग्य प्रमाणात पाजली, तर जुलाब चालू असतानाही पाणी शरीरात शिरू शकते.

हाच अनुभव एका भारतीय डॉक्टरने आधी घेतला होता. कलकत्त्याचे डॉ. हेमेंद्रनाथ चटर्जी यांनी १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये कॉलराच्या रुग्णांना तोंडावाटे मीठ-ग्लुकोजचे पाणी दिल्याचे लिहिले होते. परंतु शरीरात किती पाणी गेले, किती बाहेर पडले याची काटेकोर मोजदाद त्यात नव्हती आणि हे का घडते याचा खुलासाही नव्हता. जगाने त्याकडे दुर्लक्ष केले. कलकत्त्याकडे अनुभव होता, प्रागकडे कारण होते. दोघांची गाठ पडली नाही.

१९६८ मध्ये ढाक्यात डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश यांनी मोजूनमापून दाखवले, की तोंडावाटे दिलेल्या द्रावणाने शिरेतून द्यावे लागणारे सलाईन सुमारे ८० टक्क्यांनी कमी होते. १९७१ मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांमध्ये बनगाव येथे कॉलरा पसरला आणि सलाईनचा साठा संपत आला. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याच्या सोड्याच्या पुड्या बांधून घेतल्या, पिंपात द्रावण तयार केले आणि ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेला मृत्युदर ४ टक्क्यांच्या आत आला. महालनबीस यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

चटर्जींचा लेख आणि बनगावची पिंपे यांच्यामध्ये अठरा वर्षे गेली. या काळात कॉलराने मेलेल्यांचा विचार केला, म्हणजे डॉक्टर आणि पेशीपटलाचा अभ्यासक एका खोलीत न बसण्याची किंमत कळते.

हे दार पुढेही उपयोगी पडत राहिले. मूत्रपिंडात तशाच जातीचे एक दार गाळलेली साखर रक्तात परत घेते. ते अडवले की जादा साखर लघवीवाटे निघून जाते. डापाग्लिफ्लोझिन हे मधुमेहाचे औषध नेमके हेच करते. हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांनाही आता ते दिले जाते. मानवी शरीरातल्या या दोन्ही दारांची रचना २०२१ च्या अखेरीस क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिसली.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. विज्ञान प्रागहून निघाले, पण घरच्या तांब्यापर्यंत नीट पोचले नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार एक लिटर ओआरएसमध्ये सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही ७५ मिलिमोल असतात. हे प्रमाण चवीसाठी ठरलेले नाही. तरीही एक लिटरचे पाकीट एका पेल्यात ढवळले जाते, किंवा ओआरएससारखे नाव असलेले गोड पेय आणले जाते. जादा साखर पाणी आत नेण्याऐवजी आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरण्यास केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२५ मध्ये बंदी घातली, हे बरे झाले. ‘सलाईन लावा’ हा नातेवाइकांचा आग्रह मात्र बंदीने जाणार नाही. बाळ पिऊ शकत असेल, तर पेला सलाईनच्या बाटलीइतकाच समर्थ का आहे, हे त्यांना समजेल असे सांगावे लागेल. ते सांगणाऱ्या डॉक्टरला आधी ते स्वतःला पटलेले असावे लागते. पहिल्या वर्षी शरीरक्रियाशास्त्रात पाठ केलेले ते दार परीक्षेनंतर बहुतेक जण विसरलेले असतात.

यावर उपाय महागडा नाही. पुण्यात आयसर आहे, राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. त्याच शहरांत मोठी सरकारी रुग्णालये आहेत. महाराष्ट्रातल्या डॉक्टरांना नोंदणी नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० श्रेयगुण मिळवावे लागतात. ते बहुतांशी औषधोपचारांच्या व्याख्यानांतून मिळवले जातात. त्यातला एखादा दिवस जैवभौतिकीच्या परिषदेत घालवला, तर त्याचेही गुण मिळावेत. संशोधकांनी अशा प्रत्येक परिषदेत एक तास वॉर्डातल्या डॉक्टरला द्यावा. त्याने तिथे उत्तरे देऊ नयेत, न सुटलेले प्रश्न मांडावेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी भित्तिपत्रकांपाशी उभे राहून ‘याचा रुग्णाला काय उपयोग?’ असे जरूर विचारावे, आणि ‘अजून माहीत नाही’ हे उत्तरही ऐकून घ्यावे.

१९६० साली प्रागमध्ये कोणी हाच प्रश्न विचारला असता, तर क्रेन यांनाही बहुधा तेच उत्तर द्यावे लागले असते. म्हणून ‘अजून माहीत नाही’ एवढ्यावरून परिषदेला निरुपयोगी ठरवू नये आणि मूलभूत संशोधनाच्या निधीला कात्री लावू नये. मात्र त्या सभागृहात दोन-चार खुर्च्या डॉक्टरांसाठी राखून ठेवाव्यात, आणि डॉक्टरांनी त्या रिकाम्या ठेवू नयेत.